दंडाला पट्टा की बंदुकीला पाय? रायफल स्थिर ठेवण्याचं शास्त्र, सोप्या शब्दांत

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी आयुष्यात पहिल्यांदा रायफल नेमबाजीचा अंतिम सामना शेवटपर्यंत पाहिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे फ्रान्समध्ये शातोरूच्या रेंजवर ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझपदक जिंकत होता. गुण समजत नव्हते, नियम समजत नव्हते, पण माणसं जागची हलली नाहीत. त्या दिवसापासून मला दोन प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात. "त्याच्या दंडाला तो पट्टा कसला ओ बांधलेला?" हा पहिला. दुसरा लगेच पाठोपाठ येतो, "मोबाइलवर बघतो तवा बंदुकीला पुढं दोन पाय असत्यात. ते लावलं असतं तर हाताला तरास झाला नसता न्हवं?"

मी कॉलेजात एनसीसीच्या निमित्तानं पॉइंट टूटू, म्हणजे लहान काडतुसाची रायफल पहिल्यांदा हातात घेतली. आता सुट्टीच्या दिवशी नव्या मुलांना रायफल धरायला शिकवतो. हा लेख लिहायचं निमित्त मात्र कागलकडून आलेले एक पालक. सातवीतल्या लेकीसाठी त्यांनी बंदुकीआधी दोन पायांचा स्टँड विकत आणला होता. दुकानदारानं सांगितलं होतं, "हे लावा, नेम चुकणारच नाही." त्यांनी तो पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "सर, हे कुठं बसवायचं?" उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तो अर्धा तास इथं लिहून काढतो आहे.

आधी दोन शब्द ओळखीचे करून घेऊ

स्लिंग म्हणजे पट्टा. पाखरं हाकायची गोफण आणि ही स्लिंग यांचा संबंध नाही. शिपाई रायफल खांद्याला अडकवतो तो पट्टाही स्लिंगच, पण नेमबाजाची स्लिंग वाहून नेण्यासाठी नसते. तिचं एक टोक दंडाभोवती आवळलेलं असतं आणि दुसरं रायफलच्या पुढच्या भागाखाली अडकवलेलं असतं.

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाला लावलेले दोन पाय. तिवईला तीन असतात, याला दोन. पाय उघडून जमिनीवर टेकवले की रायफलचं पुढचं वजन जमिनीवर जातं.

आणखी एक शब्द लागेल, बट. रायफलचा मागचा, खांद्याला टेकणारा भाग. एवढे तीन शब्द पुरे.

रायफल हलते म्हणजे नेमकं किती हलते?

५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. साधारण मोठ्या काबुली चण्याएवढं. पन्नास मीटर म्हणजे आपल्या गल्लीत आठ-दहा घरं सोडून पलीकडच्या उंबऱ्यावर ठेवलेला चणा.

आता एक साधा हिशोब. समजा रायफलीचं मागचं आणि पुढचं टोक यांत एक मीटर अंतर आहे. मागचं टोक जागेवर राहिलं आणि पुढचं फक्त ०.१ मिलिमीटर सरकलं, म्हणजे डोक्याच्या एका जाड केसाएवढं, तर ५० मीटरवर तो फरक पन्नासपट होतो. पाच मिलिमीटर. वर्तुळाच्या मध्यावर असलेला नेम थेट त्याच्या काठाशी येऊन पोचतो. एका केसाची ही किंमत आहे.

एवढं बारीक हलवणाऱ्या गोष्टी आपल्याच अंगात आहेत. श्वास छाती वरखाली करतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमन्या उसळतात. पण सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे काम करणारा स्नायू. भरलेली कळशी हातात लोंबती धरून दोन मिनिटं उभं राहा, हात थरथरायला लागतो. तीच कळशी कमरेवर घेतली की बाई नळापासून घरापर्यंत बोलत बोलत येते. वजन तेवढंच आहे, पण आता ते कमरेच्या हाडावर बसलं आहे. हाड दमत नाही, म्हणून ते थरथरतही नाही.

नेमबाजीतलं स्थैर्याचं सगळं शास्त्र या कळशीत आहे. वजन स्नायूवरून काढायचं आणि हाडावर नाहीतर जमिनीवर ठेवायचं. स्लिंग पहिलं करते, बायपॉड दुसरं.

स्लिंग: सासनकाठीचे ताणलेले दोर

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्याला स्लिंग समजावणं सोपं जातं. उंचच्या उंच सासनकाठी एका माणसानं पेललेली असते, पण ती नुसत्या त्याच्या जोरावर उभी राहत नाही. वरून निघालेले दोर बाजूची माणसं ताणून धरतात. वजन एकावर आणि तोल ताणावर. दोर ढिला पडला की काठी डुलते, एकानं जास्त ओढला की त्या अंगाला झुकते.

पोटावर झोपून नेम धरणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताकडे पाहा. उजव्या हातानं चाप ओढणाऱ्याबद्दल मी बोलतो आहे, डावखुऱ्यांनी उलट समजावं. कोपर जमिनीवर टेकलेलं, त्यावर मनगटापर्यंतचा हात तिरका उभा, तळव्यावर रायफल. कोपर ही एक बिजागरी आहे. रायफलचं वजन ती बिजागरी उघडायला बघतं, हात पुढं आणि खाली घसरायला बघतो. तो घसरू नये म्हणून दंडाचा स्नायू सारखा जोर लावत राहतो, आणि जोर लावला की थरथर आलीच.

स्लिंग ही बिजागरी बांधून टाकते. दंड, मनगटापर्यंतचा हात आणि ताणलेला पट्टा यांचा त्रिकोण तयार होतो. सुताराला विचारा, चौकटीला तिरकी पट्टी का मारतोस? त्रिकोण हलत नाही म्हणून. आता स्नायूनं काहीच करायचं नसतं. तळवा उघडा, बोटं सैल, रायफल धरलेलीसुद्धा नाही, नुसती ठेवलेली. शिवाय पट्ट्याचा ताण रायफलला मागं ओढतो आणि बट खांद्यात घट्ट बसतो.

ज्या तुकड्यापाशी पट्टा अडकतो आणि जिथं हात येऊन थांबतो, त्याला मुलं हँडस्टॉप म्हणतात. तो एका खाचेत पुढंमागं सरकतो. नवीन मुलाचे पहिले दोन महिने या हँडस्टॉपची जागा आणि पट्ट्याचं भोक शोधण्यातच जातात. आईबापांना वाटतं, पोरगं गोळ्या कधी मारणार? मला विचाराल तर हेच दोन महिने सगळ्यात महत्त्वाचे.

कारण स्लिंग बांधली म्हणजे नेम लागला असं होत नाही. ती रायफलला तुमच्या शरीराशी बांधते. शरीर वाकडं पडलेलं असेल तर रायफलही वाकडीच रोखली जाते, आणि मग मुलगा हातानं ढकलून नेम लक्ष्यावर आणतो. ढकललं की स्नायू पुन्हा कामाला लागला. हे तपासायची एक जुनी आणि बिनखर्ची युक्ती आहे. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास सावकाश घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. नेम बाजूला सरकलेला दिसला तर रायफल हलवायची नाही, कोपर तिथंच खिळ्यासारखं ठेवून सगळं अंग फिरवायचं. पुन्हा डोळे मिटायचे. पाच-सहा वेळा करावं लागतं. सैल अंगानं रायफल आपणहून जिथं बघते ती जागा आणि लक्ष्य एक झालं, की मग गोळी.

बायपॉड: बैल सोडल्यावर गाडीला लावलेला टेकू

बैल सोडले की गाडी पुढं कलंडू नये म्हणून जुवाखाली लाकडी टेकू लावतात. गाडीचं पुढचं ओझं टेकू घेतो आणि टेकूचं जमीन घेते. बायपॉड हेच करतो. जमीन दमत नाही, तिला श्वास नाही, ठोके नाहीत. म्हणून पुढच्या टोकापुरतं बोलायचं तर बायपॉड स्लिंगपेक्षा नक्कीच जास्त स्थिर आहे. यात वाद नाही.

पण वाक्यातला "पुढच्या टोकापुरतं" हा शब्द विसरू नका. मागचं टोक अजून तुमच्या खांद्यात आहे. गाल रायफलवर टेकलेला आहे. श्वास आणि ठोके तिथून आत शिरतातच. म्हणून बायपॉडवाले नेमबाज बटखाली वाळूची छोटी पिशवी ठेवतात. डाव्या हातानं पुढं काही धरायचं नसतं, त्यामुळं तो हात मागं आणून पिशवी दाबायची. दाबली की बट वर, नळी खाली. सैल सोडली की उलट. नुसता बायपॉड लावून मागची पिशवी न घेणं म्हणजे गाडीला टेकू लावून चाकाखाली दगड न लावण्यासारखं.

आणि टेकू जिथं उभा आहे ती जमीन कशी आहे यावर सगळं ठरतं. पावसाळ्यात काळ्या मातीत टेकू रुततो, फरशीवर तोच घसरतो. काडतूस पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला सेकंदाच्या काही हजारांशांएवढाच वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात रायफलचा मागं येणारा धक्का सुरू झालेला असतो. कडक सिमेंटवर पाय असतील तर रायफल टुणकन उडते, चटईवर किंवा हिरवळीवर वेगळी वागते. त्यामुळं एकीकडे बसवलेला नेम दुसरीकडे थोडा सरकलेला आढळतो. अनुभवी माणसं खांद्यानं बट किंचित पुढं रेटून पायांवर हलका दाब ठेवतात, आणि प्रत्येक गोळीला तो दाब सारखाच ठेवायला शिकतात. म्हणजे बायपॉडलाही तालीम लागतेच. पॉइंट टूटूचा धक्का अगदी मामुली असल्यानं तिथं हा त्रास कमी, मोठ्या काडतुसाच्या रायफलला जास्त.

शातोरूचे आकडे पुन्हा वाचू या

थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून गोळ्या मारतात. गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. पहिल्या दोन स्थितींत स्लिंग चालते. उभं राहून मारताना नियमानं ती काढून ठेवावी लागते.

स्वप्नीलचे गुण पाहा. गुडघ्यावर पंधरा गोळ्यांत १५३.३, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२२. झोपून पंधरा गोळ्यांत १५६.८, सरासरी १०.४५. मग पट्टा निघाला. उभ्यानं मारलेल्या चौदा गोळ्यांत १४१.३, सरासरी १०.०९. एकूण ४५१.४ आणि ब्राँझ.

हा फरक एकट्या पट्ट्याचा आहे असं मात्र समजू नका. झोपलेला माणूस जमिनीला चिकटलेला असतो, दोन्ही कोपरं टेकलेली असतात. उभा माणूस दोन तळव्यांवर झुलत असतो. उभं राहून मारणारा डाव्या हाताचं कोपर बरगडीशी घेऊन कमरेच्या हाडावर विसावतो. आपल्या कळशीसारखंच! पण झोपून मारताना पट्टा काय काम करतो, हे तेजस्विनी सावंतला विचारावं. दुधाळीच्या रेंजवर घडलेल्या या कोल्हापूरच्या मुलीनं २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून मारण्याचं विश्वविजेतेपद जिंकलं. पूर्णांकांत मोजल्या जाणाऱ्या त्या काळातल्या ६०० पैकी ५९७ गुण, तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले, आणि पुढच्या टोकाखाली हाताशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

दुसऱ्या बाजूचाही आकडा सांगितला पाहिजे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत एफ-क्लास नावाचा प्रकार आहे. त्यातल्या एका गटात बायपॉड लावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या १००० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरच्या स्पर्धेत स्लिंग वापरणाऱ्यांसाठी दहाचं वर्तुळ २० इंची असतं. एफ-क्लाससाठी तेच १० इंची. निम्मं! नियम करणाऱ्यांनीच कबूल केलं की टेकून मारणाऱ्याला तेवढंच मोठं वर्तुळ दिलं तर चुरस राहणार नाही. त्या लोकांकडे दुर्बिणही असते, म्हणून सगळं श्रेय पायांना देता येत नाही. तरी पायांचं वजन किती आहे, हे त्या निम्म्या वर्तुळावरून कळतं.

"बायपॉड एवढा चांगला, तर ऑलिंपिकला का नाही?"

कारण खेळ नेमका काय मोजायचा, हे आधी ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की झोपून मारताना रायफलला आधार फक्त दोन हात आणि एका खांद्याचा. मनगटापर्यंतचा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही, म्हणजे हात आडवा टाकून त्याचाच टेकू करायलाही बंदी. स्पर्धा माणूस किती स्थिर होऊ शकतो याची आहे. जमीन किती स्थिर आहे हे सगळ्यांना माहीतच आहे.

खासबागेत कुस्ती लागलेली असताना पैलवानाला भिंतीला टेकून लढायची मुभा दिली तर काय होईल, एवढा विचार केला की पुरे.

"मग स्लिंग तरी आधारच की. ती कशी चालते?"

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. फरक असा की स्लिंगचं दुसरं टोक तुमच्याच दंडावर आहे. ती बाहेरून काहीही आणत नाही, तुमच्याच हाडांची मोट बांधते. शिवाय तिच्यावर बंधनं आहेत. रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, दंडावर फक्त वरच्या भागात, रायफलला एकाच जागी अडकवलेली. पैलवानाचा लंगोट कसून बांधलेला असतो, म्हणून त्याला कुणी बाहेरची मदत म्हणत नाही.

बर्फावर स्की करत येऊन नेम मारायच्या बायथलॉनमध्येही असंच आहे. झोपून मारताना दंडाला पट्टा, ५० मीटरवर ४५ मिलिमीटरचं लक्ष्य. उभं राहून मारताना पट्ट्याशिवाय, आणि लक्ष्य ११५ मिलिमीटरचं. धापा टाकणाऱ्या माणसाला स्थितीतला हा फरक किती महागात पडतो, ते त्या दोन आकड्यांत दिसतं.

"म्हणजे बायपॉडवाले लबाडी करतात?"

अजिबात नाही, आणि हे मी जोर देऊन सांगतो. काही मुलं स्लिंगच्या अभिमानात बायपॉडला नावं ठेवतात. ते चूक आहे. एफ-क्लासमधलं एफ हे अक्षर जॉर्ज फार्क्वारसन या कॅनडाच्या नेमबाजावरून आलं. वयानं सांधे आखडले, नजर मंदावली, तरी माणसाला रेंज सोडावी लागू नये, म्हणून टेकून आणि दुर्बिणीतून मारण्याचा वर्ग सुरू झाला. तिथं कस वेगळा लागतो, वारा वाचण्याचा. ९०० मीटरवर वारा गोळीला हातभर बाजूला नेतो. हातातली थरथर काढून टाकली की उरतो तो फक्त वारा आणि त्याचा अंदाज.

पॅरा नेमबाजी पाहा. ज्या खेळाडूंना हातांनी रायफल पेलता येत नाही, त्यांच्या एसएच-टू गटात रायफल स्टँडवर ठेवतात, पण त्या स्टँडला मुद्दाम स्प्रिंग असते. आधार मिळतो, आयता नेम मिळत नाही. पेलता येत असेल तर गट एसएच-वन, तिथं स्टँड नाही. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर याच गटातला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलला तो चौथा आला. पदक थोडक्यात हुकलं म्हणून त्याचं नाव आपल्याकडे कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

सैन्याचं काम आणखी वेगळं. इन्सासच्या लाइट मशीनगनला बायपॉड असतो, कारण तिथं एकामागून एक गोळ्या सुटतात आणि प्रत्येक धक्क्यानं भटकणारं तोंड पुन्हा जागेवर यावं लागतं. पट्ट्यानं ते साधत नाही.

"स्लिंगनं हात बधिर होतो, ठोका जाणवतो. हे बरोबर आहे का?"

थोडं बधिर होणं नेहमीचं. दंडाच्या आतल्या बाजूनं मोठी धमनी जाते. पट्टा नेमका तिच्यावर आवळला की प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलीत जातो आणि नेम घड्याळाच्या काट्यासारखा टकटक हलताना दिसतो. उपाय म्हणजे पट्टा दंडाच्या बाहेरच्या अंगाला दाबेल असा फिरवायचा, किंचित वर सरकवायचा. नेमबाजीचं जाड जाकीट आणि डाव्या हातातला गादीचा हातमोजा हेही त्यासाठीच असतात. टीव्हीवर अवघडून चालणारी ती माणसं पाहून लोकांना गंमत वाटते, पण त्या जाडीत ठोका विरतो.

बोटं निळसर पडेपर्यंत आवळणं मात्र चूक. मुलाला मुंग्या आल्या की पट्टा सोडायचा, हात झटकायचा, पुन्हा बांधायचा. पात्रता फेरीच्या साठ गोळ्यांना नव्वद मिनिटं असतात, तेवढी उसंत त्यात मिळते. "सहन कर" असं सांगणाऱ्या शिक्षकाचं ऐकू नका. बधिर हाताला दाब कळत नाही, आणि दाब कळला नाही तर आधीची गोळी आणि नंतरची गोळी सारखी होत नाही.

आणखी एक खोड जुन्या लाकडी रायफलींची. त्यांचं लाकूड नळीला लागून असतं. पट्टा जोरात ताणला की लाकूड वाकून नळीवर रेटतं आणि गोळ्या एका बाजूला जायला लागतात. पोरगं म्हणतं, माझा नेम बिघडला. नेम ठीक असतो, ताण रोज वेगळा असतो. बायपॉड लाकडाला लावला तरी हाच घोळ. आधुनिक रायफलींत नळी मोकळी ठेवलेली असते, तिथं हे कमी.

दोन्ही एकदम लावावं का? नको. पट्टा एका अंगाला ओढतो, पाय दुसरीकडे अडतात. दोघांची भांडणं सोडवत बसावं लागतं.

मग आपल्या मुलानं काय घ्यायचं?

सुरुवातीला दोन्ही नाही. कोल्हापुरात बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफलनं सुरू करतात. तो प्रकार उभ्यानं मारायचा, त्यात स्लिंग नाही आणि बायपॉड तर नाहीच. पुढं जड पाय लोंबकळत ठेवले तर लहान मुलाची पाठ मोडेल. पहिल्या पैशांत अंगाला बसणारं जाकीट आणि पायात सपाट तळाचे बूट घ्यावेत.

नेमाचं यंत्र बसवताना किंवा काडतुसांचे दोन प्रकार ताडून पाहताना रायफल टेकवून मारणंच शहाणपणाचं, कारण तेव्हा माणसाची चूक मधून काढून टाकायची असते. त्यासाठी वाळूच्या दोन पिशव्या पुरतात. पहिल्या दिवशी आलेल्या मुलालाही मी पिशवीवर टेकवूनच मारायला देतो. चाप कसा ओढायचा हे त्यातून नीट कळतं. थरथर नसताना गोळी भरकटली तर दोष बोटाचा, दुसऱ्या कुणाचाच नाही. बायपॉडनं झटका मारणारं बोट सुधारत नाही, ते फक्त उघडं पडतं.

पुढं मुलगी ५० मीटरकडे वळली की स्लिंग. आणि इथं माझं मत पक्कं आहे. ज्याला लांब पल्ल्याचा बायपॉड प्रकारच खेळायचा आहे, त्यानंही आधी वर्षभर पट्ट्यावर काढावं. पट्टा चूक लपवत नाही. अंग वाकडं असेल, श्वास अडला असेल, मान ताठली असेल, तर लगेच लक्ष्यावर दिसतं. उलट बायपॉडवर शिकलेला पट्ट्याकडे आला की त्याला स्वतःच्या हाडांची ओळख नव्यानं करून घ्यावी लागते.

पट्टा घेताना चामड्याचा की कृत्रिम धाग्याचा, हा प्रश्न आपल्याकडे गंभीर आहे. जून ते सप्टेंबर चामडं ओल धरतं आणि ताणतं. मे महिन्यात ठरवलेलं भोक जुलैत ढिलं पडतं. कृत्रिम पट्ट्याला हा त्रास जवळजवळ नाही.

कागलच्या त्या पालकांनी ऐकून घेतलं. दोन पायांचा स्टँड दुकानदारानं परत घेतला नाही. तो आता माझ्या कपाटात आहे, जाड्या बटाची जुनी रायफल तपासताना कामाला येतो. लेक दोन वर्षं उभ्यानं एअर रायफल मारत होती. गेल्या उन्हाळ्यात तिनं पॉइंट टूटू हातात घेतली आणि वडिलांनी हौसेनं चामड्याची स्लिंग आणली. तिच्या वहीत रोजच्या गुणांच्या आधी तीन आकडे लिहिलेले असतात: हँडस्टॉपची खूण, पट्ट्याचं भोक, आणि डोळे मिटून उघडल्यावर अंग किती वेळा फिरवावं लागलं. मे महिन्यातल्या पानांवर भोक सहावं आहे. आषाढात ते सातवं झालं.